ईमेल सर्व्हरची दुसरी प्रत: रोजकीर्द, गणपूर्ती आणि पानशेत

आजचा विषय ऐकायला जरा रूक्ष आहे: ईमेल सर्व्हरच्या डेटाबेसचं रेप्लिकेशन, म्हणजे त्याची दुसरी चालती प्रत ठेवणं. प्रश्न मात्र साधा आहे. एक यंत्र बंद पडलं तर दुसऱ्यानं काम उचलायचं, आणि त्या गडबडीत कुणाचं पत्र हरवायचं नाही. हे दोन्ही एकदम जमतं का?

आधी एक गैरसमज दूर करू. तुम्ही मला मेल पाठवलात आणि माझा सर्व्हर बंद आहे. मेल हरवला का? नाही. पाठवणारा सर्व्हर तो रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. आरएफसी ५३२१ या मानकात हा प्रयत्न निदान चार-पाच दिवस चालावा असं म्हटलं आहे. म्हणजे सर्व्हर तासभर बंद असला तर नवा मेल उशिरा येईल, एवढंच.

खरा धोका पुढच्या क्षणी आहे. माझा सर्व्हर मेल घेतो आणि '२५०' हा आकडा परत पाठवतो. ही पोच. पोच मिळाली की समोरचा सर्व्हर तो मेल रांगेतून काढून टाकतो. आता जबाबदारी माझी. माझी डिस्क त्याच मिनिटाला गेली, तर पाठवणाऱ्याला वाटतं पत्र पोचलं, आणि मला ते आलं होतं हेच ठाऊक नसतं. म्हणून सगळा विचार या पोचेभोवती करायचा.

आता आतली रचना पाहू. जुन्या दुकानात दोन वह्या असायच्या: रोजकीर्द आणि खतावणी. व्यवहार झाला की आधी रोजकीर्दीत ओळ पडायची, मग सवडीनं ती खतावणीत चढायची. डेटाबेस नेमकं हेच करतो. प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये लिहायचा, नंतर मूळ तक्त्यात. दुसऱ्या सर्व्हरला अख्खी खतावणी रोज पाठवायची गरज नाही. एकदा पूर्ण प्रत दिली की पुढे फक्त रोजकीर्दीची पानं पाठवत राहायची; तो ती आपल्या खतावणीत चढवत राहतो. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंजमध्ये २०१० च्या आवृत्तीपासून डीएजी नावाची हीच सोय आहे. एका गटात १६ पर्यंत सर्व्हर, आणि लॉगचं एकेक पान एक एमबीचं.

मग पोच कधी द्यायची? एक मार्ग असा, की दुसऱ्या सर्व्हरनं 'लिहिलं' म्हटल्यावरच. हा समकालिक प्रकार. यात काही हरवत नाही, पण वाट पाहावी लागते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. पुणे ते मुंबई सरळ रेषेत सुमारे १२० किलोमीटर. जाऊन-येऊन सव्वा मिलिसेकंद. दिल्ली सुमारे १,२०० किलोमीटर. जाऊन-येऊन १२ मिलिसेकंद, तेही तार सरळ गेली तर. एका मेलला हे काहीच नाही. पण डेटाबेसच्या प्रत्येक लिखाणाला १२ मिलिसेकंद थांबायचं म्हटलं, की सकाळी दहा वाजता सगळ्या कार्यालयाची मेलपेटी जड होते. शिवाय दुसरा सर्व्हर बंद पडला की पहिलाही अडतो.

दुसरा मार्ग: पोच लगेच द्यायची, पानं मागाहून पाठवायची. यात वेग आहे, पण शेवटची काही पानं हरवू शकतात. त्यावर उपाय असा, की मेल वाहून नेणाऱ्या यंत्रणेनं पोचवलेल्या पत्रांचीही एक प्रत काही काळ धरून ठेवायची आणि गरज पडली तर ती पुन्हा पोचवायची. आलेली पत्रं अशी परत मिळतात. तुमचा अर्धवट मसुदा मात्र मिळत नाही, कारण तो या वाटेनं गेलेलाच नसतो.

पुढची अडचण. दोन्ही सर्व्हर ठीक आहेत, फक्त मधली तार तुटली. प्रत्येकाला वाटतं दुसरा गेला. दोघंही 'आता मीच मुख्य' म्हणून मेल घेऊ लागले, तर एका मेलपेटीचे दोन इतिहास तयार होतात आणि ते जुळवणं महाकठीण. यावर उत्तर तुमच्या सोसायटीच्या सभेत आहे: गणपूर्ती. तीन मतं ठेवायची. दोन सर्व्हरची दोन आणि एका साक्षीदार यंत्राचं तिसरं. ज्याच्याकडे दोन मतं, तोच चालू राहील. ज्याच्याकडे एकच, त्यानं स्वतः धडधाकट असूनही गप्प बसायचं. आणि साक्षीदार तिसऱ्या जागी हवा. तो पहिल्या सर्व्हरच्याच खोलीत असेल, तर खोलीबरोबर दोन मतं जातात.

इथे थोडं गणित. एक सर्व्हर ९९ टक्के वेळ चालू, म्हणजे वर्षात साडेतीन दिवसांहून जास्त बंद. असे दोन ठेवले तर दोन्ही एकदम बंद असण्याची शक्यता ०.०१ टक्के, म्हणजे वर्षात साधारण ५३ मिनिटं. फार छान. पण या हिशोबात एक अट दडली आहे: दोघांची बिघाडाची कारणं वेगळी हवीत.

ही अट पुणेकरांना वेगळी समजवायला नको. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं. खाली खडकवासला होतं, दुसरं धरण, कित्येक दशकं जुनं. वरचं पाणी त्याच्यावर आलं आणि तेही फुटलं. धरणं दोन होती, पण पाणी एकाच वाटेनं येत होतं. एका रॅकमधले, एका यूपीएसवरचे, एकाच तळघरातले दोन सर्व्हर असेच असतात. एनआयसीची राष्ट्रीय डेटा केंद्रं दिल्ली, पुणे, हैदराबाद आणि भुवनेश्वर अशी विखुरलेली आहेत, ती याचसाठी उपयोगी पडतात.

आणि शेवटचं. एका कार्यालयातली गोष्ट, नाव सांगत नाही. निवृत्तांची खाती काढून टाकायची होती. यादीत एक ओळ चुकली आणि निवृत्तीला दोन महिने असलेल्या बाईंचं खातं उडालं. त्यात त्यांच्या पेन्शनचा सगळा पत्रव्यवहार. दोन्ही सर्व्हरचे दिवे हिरवे होते. खातं काढल्याची नोंद रोजकीर्दीत पडली, दुसऱ्या सर्व्हरनं ती इमानानं आपल्याकडे चढवली, आणि काही सेकंदांत दोन्हीकडे पाटी कोरी. बाईंनी छापून ठेवलेले कागद होते तेवढे वाचले. बाकीच्यासाठी पुन्हा अर्ज.

फेब्रुवारी २०११ मध्ये जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के वापरकर्त्यांच्या मेलपेट्या रिकाम्या दिसू लागल्या. सॉफ्टवेअरच्या बदलात दोष होता. गूगलकडे अनेक केंद्रांत प्रती होत्या, तरी दोषाचा फटका त्यांनाही बसला. मेल परत आले ते टेपवरून, कारण टेप त्या यंत्रणेला जोडलेल्याच नव्हत्या.

तेव्हा चालती प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. चालती प्रत यंत्राच्या बिघाडापासून वाचवते, माणसाच्या चुकीपासून नाही. त्यासाठी एक प्रत मुद्दाम मागे ठेवता येते; एक्स्चेंजमध्ये ती १४ दिवसांपर्यंत मागे ठेवता येते. आणि एक प्रत पूर्ण तोडून, वेगळ्या जागी.

उद्या आपल्या कार्यालयात तीन गोष्टी विचारा. पोच कधी दिली जाते? साक्षीदार कुठे बसला आहे? आणि बॅकअपमधून एखादी मेलपेटी खरोखर परत आणून शेवटची कधी पाहिली होती? तिसऱ्या प्रश्नावर शांतता पसरली, तर काम तिथून सुरू करा.