दोन चाकांची वाटणी : स्वयंचलित डिफरन्शियल लॉकर निवडताना

आजचा विषय वाचून दोघातिघांनी आम्हाला फोन केला. "सर, छापताना चूक झाली का? तुम्ही आणि गाडीचा लॉकर?" चूक नाही. आम्ही चौतीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं आणि गाडी आजही भीतभीतच चालवतो. पण मागच्या पावसाळ्यात आमच्या घरात या विषयावरून महिनाभर वाद चालला, आणि त्यात आम्हाला पंच नेमलं गेलं. पंचाला निदान भांडण कशावरून आहे ते तरी कळायला हवं. म्हणून आम्ही अंबडच्या एका गॅरेजमध्ये मिस्त्रींच्या शेजारी स्टूल टाकून चार दुपारी बसलो. तिथे जे समजलं ते आज सांगतो.

आमचा पुतण्या दिंडोरी तालुक्यात द्राक्षं करतो. त्याच्याकडे जुनी एमएम ५४० जीप आहे, पाट्यांच्या स्प्रिंगांची. आठवडाभर ती क्रेट वाहते, मुलांना शाळेत सोडते, आमच्या वहिनींना दवाखान्यात नेते. रविवारी पुतण्या आणि त्याचे मित्र तीच जीप घेऊन इगतपुरी, हरसूलकडे डोंगरात जातात. मिस्त्रींनी सुचवलं, की मागच्या एक्सलला ऑटोमॅटिक लॉकर टाकू, मग कुठे अडकायला नको. पुतण्या तयार, सूनबाई विरोधात.

आधी डिफरन्शियल म्हणजे काय ते बघू. बैलगाडीला ते लागत नाही, कारण तिची चाकं आसावर आपापली फिरतात. वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी, आणि दोघांचं एकमेकांशी काही देणंघेणं नसतं. पण इंजिनानं दोन्ही चाकं ओढायची म्हटली की प्रश्न येतो. दोन चाकांमधलं अंतर साधारण दीड मीटर धरा. गाडीनं काटकोनात एक वळण घेतलं तर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा सुमारे २.४ मीटर जास्त चालावं लागतं, म्हणजे जीपच्या चाकाची जवळजवळ एक पूर्ण फेरी. दोन्ही चाकं एका दांड्याला घट्ट बांधली तर ही फेरी कुठून आणायची? टायर घासतो, नाहीतर दांडा पिळतो. वाफेच्या गाड्यांच्या काळात, १८२७-२८ च्या सुमारास, ओनेझिफोर पेकर नावाच्या फ्रेंच माणसानं यावर दातेरी चाकांची युक्ती बसवली. आपले मिस्त्री ज्यांना सन आणि स्टार म्हणतात तीच ती चाकं. क्राउन फिरतो, त्याच्याबरोबर स्टार फिरतात, आणि ते दोन्ही बाजूंच्या सनना ढकलतात. एका बाजूला जास्त फिरायचं असेल तर स्टार स्वतःभोवती फिरून तेवढी सवलत देतो.

आता इथे जवळजवळ सगळेजण एक चूक करतात. आम्हीही करत होतो. गाडी अडकली, एक चाक चिखलात गरगर फिरतंय, दुसरं कोरड्यावर गप्प उभं आहे. आपण म्हणतो, "सगळी ताकद त्या फिरणाऱ्या चाकाकडे गेली." तसं होत नाही. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतं, म्हणजे सारखाच पीळ. चिखलातलं चाक किती पीळ पेलू शकतं? जवळजवळ शून्य. मग कोरड्यावरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे शून्य. कमकुवताला जेवढं झेपतं तेवढंच धडधाकटालाही मिळतं.

याच्या उलट, दोन्ही चाकं लॉक केली की दोघांचा वेग सारखा राहतो आणि पीळ ज्याला जेवढा पेलवेल तेवढा त्याच्याकडे जातो. अमर्त्य सेन यांनी १९७९ मध्ये स्टॅनफर्डला व्याख्यान दिलं होतं, त्याचा प्रश्नच असा होता, की समता म्हणता, पण कशाची? वर्गात हा प्रश्न समजावताना आमची दमछाक व्हायची. एखादं डिफरन्शियल टेबलावर ठेवायला हवं होतं. पिळाची समता घ्या, वेग असमान होतो. वेगाची समता घ्या, पीळ असमान होतो. दोन्ही एका वेळी मिळत नाहीत. आणि याचा खर्चही लक्षात घ्या. लॉक केलेल्या एक्सलवर एक चाक हवेत गेलं तर सगळा पीळ एकट्या दुसऱ्या शाफ्टवर येतो. जुन्या जीपचे शाफ्ट डोंगरात तुटतात ते बहुधा अशाच वेळी.

दिंडोरी-निफाडच्या शेतकऱ्यांना यातलं काही नवीन नाही. ट्रॅक्टरला डिफ लॉकचं पेडल असतंच. नांगरताना एक चाक सरीत घसरायला लागलं की टाचेनं दाबायचं, आणि बांधावर वळायच्या आत सोडायचं. कधी दाबायचं ते ड्रायव्हर ठरवतो. गाड्यांमध्ये हाच प्रकार बटणानं किंवा खटक्यानं चालतो. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरख्याला पुढे आणि मागे असे दोन्ही लॉक ड्रायव्हरच्या हातात दिलेले आहेत. ऑस्ट्रेलियाच्या एआरबीचा हवेच्या दाबावर चालणारा लॉकर पुष्कळ लोक नंतर बसवून घेतात. तो चांगला, पण महाग, त्यात कॉम्प्रेसर आला, नळी आली.

स्वयंचलित लॉकरमध्ये ते पेडल नाही. म्हणून लोकांना वाटतं, आता ठरवायचं काही उरलंच नाही. आमचा आक्षेप इथे आहे. ठरवलेलं असतंच. ते कारखान्यात, तुमचा रस्ता न बघता, आधीच ठरवून ठेवलेलं असतं. तेव्हा दुकानदाराला विचारायचा पहिला प्रश्न हा, की या यंत्राचा मुळातला स्वभाव सुटा राहण्याचा आहे की बांधलेला राहण्याचा?

सुट्या स्वभावाचं उदाहरण आपल्या गावचंच आहे. २ ऑक्टोबर २०२० ला बाजारात आलेली थार आपल्या नाशिकच्या कारखान्यात तयार होते. तिच्या काही प्रकारांत मागच्या एक्सलवर ईटन कंपनीचं मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल आहे. आधीच्या थारमध्येही ते २०१५ पासून मिळत होतं. सगळ्या थारमध्ये ते नसतं, विकत घेताना विचारून घ्या. या जातीची यंत्रणा अमेरिकेत जनरल मोटर्सच्या पिकअप गाड्यांत १९७० च्या दशकापासून आहे. एरवी ते साध्या डिफरन्शियलसारखंच वागतं. आत एक छोटा गव्हर्नर असतो, त्याला वजनं लावलेली. दोन चाकांच्या वेगातला फरक मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांवर गेला, की ती वजनं बाहेर फेकली जातात, खटका अडकतो, कॅम चढतो, क्लचच्या चकत्या दाबल्या जातात आणि दोन्ही बाजू एक होतात. गाडी ताशी ३० किलोमीटरच्या वर असेल तर दुसरं वजन हा खटका लागूच देत नाही.

शंभर फेऱ्या म्हणजे किती, ते आम्ही कागदावर करून पाहिलं. थारच्या आकाराच्या टायरला ते साधारण ताशी १४-१५ किलोमीटरचं घसरणं झालं. आणि नेहमीच्या वळणात? अगदी आखूड यू-टर्न ताशी दहानं घेतला तरी दोन चाकांतला फरक मिनिटाला शंभर फेऱ्यांच्या जवळपासही जात नाही. म्हणजे कॉलेज रोडवर वळताना हे यंत्र चुकून लागणार नाही. पण दुसरी बाजूही बघा. आधी चाक घसरायला हवं, तेव्हाच याला जाग येणार. तोवर ते चाक खाली खड्डा खणतं. शिवाय घाबरून ॲक्सिलरेटर जोरात दाबला तर सुसाट फिरणारं चाक एका झटक्यात जोडलं जातं आणि तो झटका शाफ्टला बसतो. मिस्त्रींचा शब्द आम्हाला आवडला. म्हणाले, "सर, याला गोंजारायचं असतं." लो गिअर, पाय हलका आणि एकसारखा, लागल्याचा ठोका आला की तसाच ठेवायचा.

बांधलेल्या स्वभावाचा लॉकर म्हणजे डेट्रॉइट लॉकर आणि त्याची भावंडं. यातलं स्वस्त भावंड 'लंचबॉक्स' नावानं ओळखलं जातं. डिफरन्शियल पूर्ण न बदलता जुन्या खोक्यातले सन-स्टार काढून तिथे दातेरी तबकड्या बसवायच्या. क्राउन-पिनियनचं सेटिंग हलवावं लागत नाही, म्हणून गॅरेजवाल्यांना सोपं. पुतण्यासाठी सुचवला होता तो हाच. याची दोन्ही चाकं कायम बांधलेली. वळताना बाहेरचं चाक पुढे पळायला लागलं की तेवढ्यापुरती एक बाजू सुटते, टकटक आवाज करत, आणि सरळ होताच पुन्हा बांधली जाते. याला घसरण्याची वाट पाहावी लागत नाही. दगडांत, चढावर, एक चाक हवेत असताना याच्यासारखा भरवशाचा दुसरा नाही. डोंगरात पुतण्याला हा का हवा होता ते आम्हाला पटतं.

पण मग ऑगस्टमधला तो दिवस आला. पुतण्याच्या मित्राच्या जीपला असा लॉकर मागे होता. ती आणली होती बघण्यासाठी. हरसूलहून परतताना वाघेरा घाटात सूनबाई चालवत होत्या, आम्ही आणि वहिनी मागे. पाऊस, डांबरावर पाण्याचा पापुद्रा, वेग तिशीच्या आतबाहेर. उजव्या वळणातून बाहेर पडताना त्यांनी नेहमीसारखा पाय दिला आणि जीपची शेपूट डावीकडे निघाली. दरीच्या कठड्यापासून हातभर अंतरावर थांबलो. वहिनी काही बोलल्या नाहीत. नंतर दोन दिवस त्यांनी त्या जीपकडे पाहिलंही नाही.

काय झालं होतं? साध्या डिफरन्शियलमध्ये आतलं, हलकं झालेलं चाक घसरलं असतं आणि तिथेच गोष्ट थांबली असती. बाहेरच्या चाकावर फारसा पीळ आला नसता, त्यानं गाडीची शेपूट जागेवर धरली असती. लॉकरमध्ये आतलं घसरलं, बाहेरच्याच्या वेगाला पोचलं, दोन्ही बांधली गेली आणि दोन्ही मिळून घसरली. आडवं धरायला कुणी उरलंच नाही. जीप आखूड, म्हणून शेपूट लवकर निघते. सूनबाईंची यात चूक नव्हती, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की गाडी आज वेगळ्या स्वभावाची आहे. लॉकरच्या जाहिरातीत रविवारचा ड्रायव्हर असतो. सोमवारी गाडी कोण चालवणार, हे कुणी विचारत नाही.

दुसरी गोष्ट जमिनीची. लॉकरनं पकड वाढत नाही. असलेली पकड दोन चाकांत वाटण्याची पद्धत फक्त बदलते. दोन्ही चाकांना वेगवेगळी पकड असेल तरच त्या बदलाला अर्थ. सह्याद्रीच्या काळ्या कातळात, ओढ्याच्या उतारात, भाताच्या खाचराच्या बांधावर एक चाक वर, एक खाली असतं, तिथे लॉकर चमत्कार वाटतो. पण दिंडोरीची काळी माती? पावसात ती फुगते, टायरच्या खाचा लिंपून टाकते, चार चाकांची चार गुळगुळीत रोळं होतात. दोन्ही चाकं सारखीच निसटतात. तिथे वाटणी बदलून काय मिळणार? तिथे टायर बघा, हवा कमी करा, आणि ट्रॅक्टरवाल्या शेजाऱ्याशी गोड बोला. पुतण्या वर्षात जितक्या वेळा अडकला ते आम्ही त्याला आठवून लिहायला लावलं. नऊ वेळा. त्यातल्या सहा वेळा तो स्वतःच्या मळ्यात होता.

तिसरा मार्ग आहे, पुढच्या एक्सलला लॉकर. जुन्या जीपला फ्री व्हीलिंग हब असतील तर डांबरावर हब सोडून ठेवता येतात आणि पुढचा लॉकर असून नसल्यासारखा होतो. डोंगरात हब लावले की तो कामाला येतो. त्याची किंमत स्टिअरिंगला मोजावी लागते. फोर बाय फोरमध्ये गाडी सरळ जायचा हट्ट धरते, हात भरून येतात. शिवाय पुढच्या एक्सलचे सांधे आता कुठल्या अवस्थेत आहेत ते आधी उघडून पाहावं लागतं. नव्या गाड्यांत ब्रेकवर चालणारा प्रकारही असतो. घसरणारं चाक संगणक ब्रेक लावून धरतो, म्हणजे दुसऱ्याला पीळ मिळतो. घरच्या वापराला तो पुष्कळ झाला, पण लांब चढावर सतत लागला तर ब्रेक तापतात आणि इंजिनाची काही ताकद ब्रेकमध्येच जिरते.

पंचाचा निकाल असा झाला. आधी चांगले चिखलाचे टायर, आणि ते घेतले. मागच्या एक्सलला कायम बांधलेला लॉकर नाही, कारण ही जीप तीन माणसं चालवतात आणि त्यातली दोघं फक्त रस्त्यावर. पुढच्या एक्सलचा विचार दिवाळीनंतर, तेही सांधे तपासून. पुतण्या नाराज आहे. म्हणतो, "काका, तुम्ही डोंगरात आलाच नाहीत कधी." हे खरं आहे, आणि इगतपुरीला महिंद्राची ऑफ-रोड प्रशिक्षण अकादमी आहे तिथे एकदा आम्हाला बसवून नेण्याचा त्याचा बेत आहे. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला कितपत झेपेल ते बघू.

मागच्या रांगेतून चिठ्ठी आली आहे. थारला लॉकर आधीच आहे, काढून टाकावा का? नका काढू. तो सुट्या स्वभावाचा आहे, रस्त्यावर तुमच्या वाटेला जाणार नाही. फक्त घरातल्या प्रत्येकाला मोकळ्या चिखलाच्या मैदानात नेऊन एकदा तो कसा लागतो ते दाखवा, म्हणजे ठोका बसल्यावर कुणी दचकून पाय सोडणार नाही. आणि सर्व्हिसला द्याल तेव्हा मागच्या डिफरन्शियलमध्ये पुस्तिकेत लिहिलेलंच तेल घालायला सांगा. आत क्लचच्या चकत्या आहेत, त्यांना वाटेल ते तेल चालत नाही.