तीन परीक्षक, एक बेरीज

दर पाच स्पर्धकांनंतर परीक्षकांसमोरचे गुणतक्ते उचलायचे, अशी या महाविद्यालयातली पद्धत आहे. एक विद्यार्थिनी वक्त्याच्या नजरेआड राहत वाकून येते, तीन कागद घेते आणि सभागृहामागच्या खोलीत नेऊन देते. तिथे ग्रंथपाल सर बसलेले असतात. इथल्या आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेच्या गुणांची बेरीज कित्येक वर्षं त्यांच्याच हातची. संपादकांनी मला वक्त्यांवर लिहायला पाठवलं होतं, पण दिवसाचा बराचसा वेळ माझा त्या खोलीतच गेला.

स्पर्धेची रचना महाराष्ट्रात कुठेही थोड्याफार फरकाने हीच असते. प्रत्येक महाविद्यालयाचा दोघांचा संघ. एकाने विषयाच्या बाजूने बोलायचं, दुसऱ्याने विरोधात. वेळ सात मिनिटं, सहाव्या मिनिटाला इशाऱ्याची घंटा. बोलण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. दोघांचे गुण मिळून ज्या संघाचे सर्वाधिक, त्याला फिरता करंडक. शिवाय वैयक्तिक बक्षिसं आणि उत्तेजनार्थ. परीक्षकाच्या तक्त्यावर महाविद्यालयाचं नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. आशय, मांडणी, भाषा, सादरीकरण असे रकाने आणि शेवटी एकूण, शंभरपैकी.

यामागची परंपरा मोठी आहे. मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी 1848 साली स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली, तेव्हापासून विद्यार्थ्यांनी सभेत उभं राहून विचार मांडण्याची सवय इथे रुजत गेली. पुण्यात वसंत व्याख्यानमाला 1875 साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने सुरू झाली, आणि ती चालवणाऱ्या सभेचं नावच वक्तृत्वोत्तेजक. स्वागताध्यक्षांच्या भाषणात हे सगळं येतंच. गुण कसे मोजायचे, याचा उल्लेख मात्र कोणत्याच भाषणात येत नाही.

सरांनी माझ्यासाठी कोऱ्या कागदावर दोन वक्ते आणि तीन परीक्षक मांडले. पहिल्या परीक्षकाने अ ला 70 दिले, ब ला 66. दुसऱ्याने अ ला 71, ब ला 67. तिसरा हात मोकळा सोडून गुण देणारा. त्याने अ ला 55 आणि ब ला 82 दिले. बेरीज केली तर अ चे 196, ब चे 215. तिघांपैकी दोघांच्या मते अ सरस, तरी बक्षीस ब ला, तेही 19 गुणांच्या फरकाने. ‘‘यात कुणी लबाडी केलेली नाही,’’ सर म्हणाले. ‘‘जो परीक्षक पंचेचाळीसपासून पंच्याऐंशीपर्यंत गुण देतो, तोच निकाल लावतो. जो साठ ते सत्तरच्या आत राहतो, तो दिवसभर बसून राहतो आणि त्याचं मत कुठे उमटतच नाही.’’

हे ऐकल्यावर आजवर ऐकलेले कितीतरी निकाल मी मनात पुन्हा तपासू लागलो.

उपाय सोपा वाटतो: गुण सोडा, क्रमांक मोजा. प्रत्येक परीक्षकाने लावलेल्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या क्रमांकांची बेरीज करायची. सर्वांत कमी बेरीज तो विजेता. वरच्या उदाहरणात अ ची बेरीज चार येते, ब ची पाच, आणि अ जिंकतो. पण सरांनी त्याच कागदावर आणखी तीन वक्ते आणले. पहिल्या दोघांनी त्यांना अ आणि ब यांच्या खाली ठेवलं. तिसऱ्याने मात्र ब नंतर ते तिघे आणि शेवटी, पाचवा, अ. आता अ ची बेरीज सात, ब ची पाचच. अ आणि ब यांच्याबद्दल कुणाचंही मत बदललेलं नाही, मधे बाकीचे आले एवढंच, आणि निकाल फिरला.

हे कोडं आजचं नाही. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये बोर्दा क्रमांकांना गुण देऊन मोजण्याच्या बाजूने उभा राहिला. काँदोर्सेचं म्हणणं होतं की दोन-दोन उमेदवारांची समोरासमोर तुलना करा. 1951 साली केनेथ अ‍ॅरो या अर्थशास्त्रज्ञाने सिद्ध करून दाखवलं की तीन किंवा अधिक पर्याय असतील, तर सगळ्यांचे क्रम एकत्र करून एक क्रम लावणारी, आपल्या साध्यासाध्या अपेक्षा एकाच वेळी पूर्ण करणारी कोणतीही पद्धत असू शकत नाही. सरांनी अ‍ॅरो वाचलेला नाही. बेरजा करता करता ते त्याच दारापर्यंत पोहोचले आहेत, आणि मला त्यांच्याविषयी वाटणारा आदर याचसाठी आहे.

म्हणून त्यांनी बेरजेच्या आधीच्या टप्प्यावर लक्ष दिलं. यंदा स्पर्धा सुरू होण्यापूर्वी एका माजी विद्यार्थ्याने स्पर्धेबाहेरचं भाषण केलं आणि तिन्ही परीक्षकांनी त्याला गुण दिले. एकाच भाषणाला 54, 68 आणि 81. तिघेही जाणते, तिघांनीही मनापासून ऐकलेलं. मग दार लावून त्यांची चर्चा झाली: बरं भाषण म्हणजे साधारण किती, साठच्या खाली केव्हा जायचं, पाठांतर दिसलं तर कोणत्या रकान्यातून वजा करायचं. त्यानंतरच पहिल्या क्रमांकाचा पुकारा झाला.

याचा फायदा सुरुवातीच्या वक्त्यांना सर्वाधिक होतो. पुढे आणखी चांगलं कुणीतरी येईल म्हणून परीक्षक पहिल्यांदा हात राखून ठेवतात. ब्रसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ संगीत स्पर्धेच्या निकालांचा 1996 साली अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथेही वादनाचा क्रम चिठ्ठ्यांनीच ठरतो, तरी अंतिम फेरीत उशिरा वाजवणाऱ्यांना वरचे क्रमांक मिळण्याकडे कल दिसला. आपल्याकडची मुलं चिठ्ठीत एक क्रमांक निघाला की चेहरा पाडतात. ती अंधश्रद्धा नाही, अनुभव आहे.

विद्यापीठांच्या जागतिक इंग्रजी वादविवाद स्पर्धेत वाट वेगळी आहे. 1981 साली ग्लासगोत सुरू झालेली ही स्पर्धा 2014 साली चेन्नईत भरली होती. तिथे एका खोलीत चार संघ बोलतात, विषय पंधरा मिनिटं आधी कळतो, आणि परीक्षक आपसात चर्चा करून क्रम ठरवतात. पहिल्याला तीन गुण, मग दोन, एक, शून्य. पुढच्या फेरीत सारख्या गुणांचे संघ शक्यतो समोरासमोर येतात. ही जुळणी करणारं टॅबीकॅट नावाचं खुलं सॉफ्टवेअर आहे. आपले परीक्षक मात्र शेजारी बसूनही एकमेकांशी बोलत नाहीत, कारण न बोलणं म्हणजे निःपक्षपातीपणा अशी समजूत आहे. मला हे पटत नाही. वादविवादाचा निकाल वाद न घालता का लावायचा?

दुपारनंतर मी सभागृहात बसलो, आणि खरी काळजी तिथे वाटू लागली. सतराव्या क्रमांकाच्या मुलाने एक आकडा फेकला, टाळ्या घेतल्या. त्यानंतर विरोधात बोलणाऱ्या एकानेही त्या आकड्याला हात लावला नाही. प्रत्येक जण घरून बांधून आणलेलं भाषण सोडवत होता. खंडनाला या तक्त्यात रकानाच नाही. मग मुलांनी समोरच्याचं ऐकावं तरी कशासाठी? ऐकण्याला दहा गुण ठेवले, तर पुढच्याच वर्षी भाषणं बदलतील असं मला वाटतं. पण त्यासाठी परीक्षकांनाही आधीच्या वक्त्यांच्या मुद्द्यांची टिपणं ठेवावी लागतील, आणि दिवसभर तसं लिहीत बसणारे परीक्षक आणायचे कुठून? मानधन जेमतेम प्रवासखर्चाइतकं. ऐन वेळी एकाचा निरोप येतो, मग महाविद्यालयातल्याच कुणा प्राध्यापकाला खुर्चीत बसवावं लागतं.

निकाल तयार असतो, तरी पाहुण्यांचं भाषण संपेपर्यंत जाहीर करता येत नाही. तोवर लांबचे दोन संघ एसटीसाठी निघून गेले होते. प्रवेश शुल्क आणि भाडं या दोघांच्या खिशातलं; महाविद्यालयाकडून मिळालं ते शिक्का मारलेलं पत्र. बक्षीस न मिळालेली एक मुलगी खोलीच्या दाराशी आली आणि आपण कुठे कमी पडलो, असं तिने विचारलं. सरांकडे उत्तर होतं. तिच्या भाषेला तिघांनीही भरभरून गुण दिले होते. आशयात ती मागे पडली होती. पण नियमावलीत ‘परीक्षकांचा निर्णय अंतिम’ आहे आणि तक्ते दाखवायची मुभा नाही. ते लिफाफ्यात बंद होतात आणि कपाटात जातात.

प्रत्येक संघाला त्याच्या तक्त्याची झेरॉक्स द्यावी, असा प्रस्ताव सरांनी समितीपुढे ठेवला आहे. समितीचं म्हणणं, असं केलं तर परीक्षक यायला तयार होणार नाहीत. सरांचं म्हणणं, जे तेवढ्यावरून येणार नाहीत त्यांना न बोलावलेलं बरं. मी सरांच्या बाजूचा आहे. प्रस्तावावर अजून निर्णय झालेला नाही.