संथ पाण्याचा धोका

लाटा फुटत नाहीत, फेस उसळत नाही, पाणी जरा गडद पण संथ दिसते, असा किनाऱ्यालगतचा पट्टा पोहायला सुरक्षित असल्याचा समज कोकणात आणि गोव्यात येणाऱ्या पर्यटकांत सर्रास आढळतो. प्रत्यक्षात पुष्कळदा तोच सर्वांत धोक्याचा असतो, कारण तेथूनच पाणी वेगाने समुद्राकडे परतत असते. या परतीच्या प्रवाहाला ‘रिप करंट’ म्हणतात.

किनाऱ्यापासून काही अंतरावर पाण्याखाली वाळूचा दांडा असेल, तर त्यावरून आत येणाऱ्या लाटांचे पाणी दांडा आणि किनारा यांच्यामध्ये साचते आणि दांड्याला जेथे खिंडार असेल तेथून बाहेर धाव घेते. खिंडारात खोली जास्त असल्याने लाटा फुटत नाहीत, म्हणून तो पट्टा शांत भासतो. मात्र नीट न्याहाळल्यास फेस किंवा गढूळ पाणी किनाऱ्याकडे न येता बाहेर सरकताना दिसते. ओहोटीला दांड्यावरचे पाणी उथळ झाले की प्रवाह खिंडारात एकवटतो आणि ओढ वाढते. त्याचा वेग सेकंदाला अडीच मीटरपर्यंत जाऊ शकतो, आणि अशा वेगापुढे ऑलिंपिकमधील जलतरणपटूचेही काही चालत नाही.

हा प्रवाह माणसाला तळाशी खेचतो, ही समजूत चुकीची तर आहेच, शिवाय घातकही आहे. तो समुद्राकडे वाहतो आणि लाटा फुटतात त्या रेषेपलीकडे बहुधा विरतो. माणूस बुडतो तो दमून. किनारा दूर जाताना पाहून तो घाबरतो आणि प्रवाहाविरुद्ध हातपाय मारत राहतो. त्याऐवजी उताणे तरंगावे, हात उंचावून मदत मागावी आणि बळ असल्यास किनाऱ्याला समांतर पोहून प्रवाहाबाहेर पडावे.

समुद्राची भीती केवळ पावसाळ्यापुरती नसते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. गोव्याच्या अनेक किनाऱ्यांवर जीवरक्षक असतात आणि लाल-पिवळ्या झेंड्यांनी पोहण्याची जागा आखलेली असते. कोकणातील प्रत्येक गर्दीच्या किनाऱ्यावर तशी सोय व्हायला हवी, आणि ‘पोहणे धोकादायक’ एवढ्याच शब्दांच्या फलकांवर हा पट्टा ओळखायचा कसा, तेही चित्रासह दाखवायला हवे. तोवर पर्यटकांनी पाण्यात उतरण्यापूर्वी स्थानिक कोळ्यांना विचारावे, आणि कोणी ओढीत सापडल्यास मागोमाग उडी न घेता दोर, ट्यूब किंवा झाकण लावलेला रिकामा कॅन त्याच्याकडे फेकावा.