इंग्रजी क्रियापद आणि त्याचा परिवार

इंग्रजी शिकणारा आमचा विद्यार्थी मोठ्या शब्दांपाशी फारसा अडत नाही. तो अडतो लहान शब्दांपाशी. 'एक्झामिनेशन' हा शब्द तो चार दिवसांत आत्मसात करतो. पण 'गिव्ह' आणि 'अप' हे दोन्ही शब्द पहिल्या पुस्तकापासून परिचयाचे असूनही 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे हे त्याला उमगत नाही. पेडणे, डिचोली या भागांतून मराठी प्राथमिक शाळेत चार इयत्ता पुऱ्या करून जी मुले इंग्रजी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत येतात, त्यांच्या बाबतीत ही अडचण विशेष जाणवते. मग त्यांच्या हाती शंभर-दोनशे वाक्प्रचारांची यादी दिली जाते, आणि ती पाठ न झाल्यास मूल मंद आहे असा शेरा मारला जातो. हा शेरा अन्यायाचा आहे. मुलाला जे कळत नाही असे आपण मानतो, ते तो आपल्या घरच्या भाषेत रोज करीत असतो. फक्त ते त्याला कोणी दाखविलेले नसते.

ही अडचण केवळ आपली नव्हे. डॉक्टर जॉन्सन यांनी १७५५ साली आपला प्रसिद्ध कोश प्रसिद्ध केला, तेव्हाच प्रस्तावनेत त्यांनी नमूद केले होते की क्रियापदाला मागून जोडल्या जाणाऱ्या या लहान शब्दांनी परकीयांची फार मोठी अडचण होते. अशा जोडीला आज रूढ असलेले 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव मात्र बरेच अलीकडचे. लोगन पिअर्सल स्मिथ यांनी १९२५ साली आपल्या पुस्तकात ते वापरले.

संस्कृताचा थोडाबहुत संस्कार असलेल्या वाचकाला मात्र या प्रकारात नवल वाटू नये. एकाच 'हृ' धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार असे परस्परांपासून दूर गेलेले शब्द उपसर्गांनी घडविले. लौकिक संस्कृतात हा उपसर्ग धातूला पुढून चिकटलेला असतो. परंतु वेदांच्या भाषेत तो धातूपासून दूर, किंवा धातूच्या मागूनही येतो, ही गोष्ट पाणिनीने नोंदवून ठेवली आहे. जुन्या इंग्रजीतही क्रियापदाला पुढून जोडलेले उपसर्ग पुष्कळ होते. 'अंडरस्टँड', 'विथस्टँड', 'ओव्हरकम' हे त्यांचे अवशेष होत. पुढे इंग्रजीने ते बहुतेक टाकले आणि तेच काम मागे, सुट्या उभ्या राहणाऱ्या शब्दांवर सोपविले.

मराठीने निराळा मार्ग धरला. आपण क्रियापदाच्या मागे दुसरे क्रियापद उभे करतो. 'फाइंड आउट' म्हणजे शोधून काढणे, 'पिक आउट' म्हणजे निवडून काढणे, 'वॉश आउट' म्हणजे धुऊन काढणे. तिन्ही ठिकाणी 'आउट'च्या जागी आपले 'काढणे' कसे चपखल बसते ते पाहावे. 'ड्रिंक अप' म्हणजे पिऊन टाक, 'गिव्ह अवे' म्हणजे देऊन टाक, 'राइट डाउन' म्हणजे लिहून घे किंवा लिहून ठेव, 'रीड ऑन' म्हणजे वाचत राहा. 'पुट अप विथ' या तीन शब्दांच्या जोडाला कोश 'सहन करणे' असा अर्थ देतात. पण 'चालवून घेणे' म्हटले की त्यातली नाइलाजाची छटाही हाती येते. घरी कोकणी बोलणारा मुलगा 'मारून उडयलो' म्हणतो, तेव्हा कोणी काही हवेत उडविलेले नसते. क्रिया संपवून टाकली एवढेच त्या 'उडयलो'ने सांगितलेले असते. 'ईट अप'मधला 'अप' नेमके हेच सांगतो. प्रत्येक जोडीला असा जुळा भाऊ सापडेल असे नाही. परंतु जिथे सापडतो तिथे यादी पाठ करण्याचे कारण उरत नाही.

आता सर्वनामाकडे वळू. हा भाग शाळेत सर्वांत दुर्लक्षिला जातो, आणि आमच्या मते सर्वांत उपयोगी आहे. 'ही रॅन अप द हिल' आणि 'ही रॅन अप अ बिल' ही वाक्ये दिसायला सारखी आहेत. पहिल्याचा अर्थ तो टेकडीवर धावत चढला. दुसऱ्याचा, त्याने उधारी वाढवून ठेवली. फरक ओळखावा कसा? कर्माच्या जागी 'इट' हे सर्वनाम घालून पाहावे. टेकडीविषयी 'ही रॅन अप इट' असे म्हणावे लागते. उधारीविषयी 'ही रॅन इट अप'. म्हणजे पहिला 'अप' नामाशी बांधलेला, आपल्या शब्दयोगी अव्ययासारखा. दुसरा क्रियापदाशी बांधलेला, आपल्या 'टाकणे', 'ठेवणे' यांच्या जातीचा. कर्म नाम असेल तर 'पुट ऑन द शर्ट' आणि 'पुट द शर्ट ऑन' दोन्ही चालतात. सर्वनाम असेल तर 'पुट इट ऑन' एवढेच चालते. याचे कारण असे की इंग्रजी वाक्याचा भार शेवटाकडे असतो, आणि ज्याचा उल्लेख आधीच झाला आहे त्या वस्तूचे हलके सर्वनाम त्या मानाच्या जागी बसविणे इंग्रजी कानाला खपत नाही.

१९६१ पूर्वी ज्यांचे शिक्षण पोर्तुगीज शाळांत झाले, अशी वास्कोतील वडीलधारी मंडळी सर्वनामाच्या या जागेचे नवल करणार नाहीत. पोर्तुगीजमध्ये साध्या होकारार्थी वाक्यात सर्वनाम छोट्या रेघेने क्रियापदाच्या मागे जोडतात, नकार आला की तेच उडी मारून पुढे येते, आणि भविष्यकाळात तर ते क्रियापदाच्या पोटात शिरते: 'दार-म-आ', म्हणजे 'मला देईल', यातला 'म' हा 'मला' आहे. त्यापुढे इंग्रजीचा नियम सौम्यच म्हणावा लागेल.

विशेषणाचा संबंध याहून मौजेचा. 'ही पुश्ड द डोअर ओपन' याचे मराठी 'त्याने दार ढकलून उघडले'. इंग्रजीने ढकलण्याची क्रिया मुख्य ठेवली आणि उघडे होण्याचा परिणाम विशेषणावर सोपविला. मराठीने परिणामाला मुख्य क्रियापद केले आणि ढकलणे 'ऊन'कारान्त करून मागे सारले. दिशेचेही असेच. 'ही स्वॅम अक्रॉस द झुआरी' या वाक्यात पोहणे क्रियापदात आणि ओलांडणे लहान शब्दात आहे. आपण 'झुआरी पोहून ओलांडली' म्हणतो, आणि पोर्तुगीजही आपल्याप्रमाणेच ओलांडण्याला मुख्य क्रियापद करते. ही अदलाबदल एकदा ध्यानात आली म्हणजे भाषांतर करताना विद्यार्थी शब्द मोजीत बसत नाही.

राहिला शब्दयोगी अव्ययांचा प्रश्न. आपल्या जुन्या शालेय परिपाठात 'ला' म्हणजे 'टु', 'शी' म्हणजे 'विथ', 'विषयी' म्हणजे 'अबाउट' अशी समीकरणे घोकून घेतली जात. त्यांतून 'टोल्ड टु मी', 'मॅरीड विथ हिम', 'डिस्कस्ड अबाउट इट' ही वाक्ये निपजतात. 'मॅरी'च्या बाबतीत तर गोमंतकीय विद्यार्थ्याला दुहेरी मोह पडतो, कारण पोर्तुगीज 'कझार' आणि आपले 'लग्न करणे' या दोहोंनाही सोबतीचा शब्द लागतो. 'लाइक'चे उदाहरण घ्या: पोर्तुगीज 'गुश्तार'ला मागे 'द' हवाच, मराठीत आवडणारी वस्तूच कर्ता होते आणि माणूस 'मला' म्हणून बाजूला उभा राहतो, तर इंग्रजी 'लाइक' थेट कर्म घेते. तीन भाषा, तीन रचना; यांत एक बरोबर आणि दोन चूक असे काही नाही. म्हणून 'टु'चा अर्थ न विचारता 'टेल' कोणाला सोबत घेतो आणि 'से' कोणाला घेतो, हे विचारावे. 'टेल' माणसाला थेट घेतो, 'से'ला मध्ये 'टु' लागतो. 'हिअर' थेट, 'लिसन'ला 'टु'. 'अँग्री'च्या मागे माणूस आला तर 'विथ'. पण मराठीत आपण कोणा'वर' रागावतो, म्हणून वह्यांतून 'अँग्री ऑन' पुन्हा पुन्हा भेटतो.

काही क्रियापदांना तर सर्वनाम आणि अव्यय दोन्ही लागतात. 'अव्हेल' हे त्यांतले एक: 'ही अव्हेल्ड हिमसेल्फ ऑफ द ऑपॉर्च्युनिटी'. आपण संधीचा लाभ 'घेतो', तेव्हा आपल्या त्या 'घेणे'मध्येच 'स्वतःसाठी' हा भाव सामावलेला असतो. निराळे 'हिमसेल्फ' लिहिण्याची गरज आपल्याला वाटत नाही. शिक्षकांच्या रजेच्या अर्जांत ते सहसा गळालेले असते, याचे मूळ बहुधा इथेच असावे.