लेकरं सायकलवर, मागून टिप्पर : घाबरायचं नाही, भांडत थांबायचंही नाही

येलदरीत महिलांच्या आरोग्य बैठकीत बीपी, शुगर, रक्तवाढीच्या गोळ्या यांचं बोलणं संपलं की एक विषय हमखास निघतो. लेकरांना सायकलवर शाळेत, अंगणवाडीत नेताना जिंतूर रस्त्यावर गाडीवाले फार दाबतात. मागून कर्कश हॉर्न, कोपराला वारा लागेल इतक्या जवळून गाडी काढायची आणि वर खिडकीतून शिवी. धरण भरून दरवाजे उघडले की पाहणाऱ्यांच्या गाड्यांची गर्दी. हंगामात उसाच्या ट्रॉल्या. वाळूचे टिप्पर तर आहेतच. "ताई, हा काय दवाखान्याचा विषय आहे का?" असं एका मावशीने विचारलं. आहे. ५ ते २९ या वयात जगात सर्वांत जास्त मृत्यू रस्त्यावरच्या अपघातांनी होतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आमचीही गोष्ट सांगतो. नर्सची ड्युटी करत होतो तेव्हा धाकट्याला कॅरिअरवर बसवून निघालो होतो. एका गाडीवाल्याने मुद्दाम दाबलं, सायकल मुरमात उतरली, आम्ही पडलो. लेकराचा पाय चाकात अडकला होता आणि आम्ही काय केलं? गाडीमागे ओरडत धावलो. नर्स असून! मागे लेकरू रडत पडलेलं. गाडी निघून गेली, नंबरही पाहिला नाही. त्या दिवशी जे चुकलं, त्यातूनच पुढचं लिहितो आहोत.

लेकराला गाडी दिसते, वेग कळत नाही

साधारण नऊ-दहा वर्षांपर्यंत मुलांना येणाऱ्या गाडीचा वेग आणि अंतर यांचा अंदाज नीट येत नाही. ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे येते. म्हणजे पोरगी "आई, गाडी" म्हणेपर्यंत ती जवळ आलेली असते. त्यातच मोठा हॉर्न वाजला की लहान मूल दचकून हँडल वळवतं. म्हणून "दिसत नाही का तुला?" असं लेकरावर ओरडू नका. रस्ता सांभाळण्याची जबाबदारी मोठ्यांची आहे, आपली आणि गाडीवाल्याचीही.

निघण्यापूर्वी

कॅरिअरवर बसणाऱ्या लेकराचे पाय चाकात जाणार नाहीत अशी जाळी दोन्ही बाजूंनी बसवून घ्या आणि पाय टेकवायला जागा करा. ओढणी, पदर खोचून घ्या. चाकात गेलेली ओढणी गळ्याला फास लावते. मागे लाल, पुढे पांढरी चमकपट्टी चिकटवा. ब्रेक दाबून पाहा. हेल्मेट मिळालं तर उत्तमच.

घरापुढे किंवा विहाराच्या पटांगणात एक सराव करा. "थांब" म्हटलं की मुलाने ब्रेक दाबायचा, डावा पाय खाली टेकवायचा, मागे वळून पाहायचं नाही. शब्द एकच ठेवा. दहा वेळा खेळासारखा केला की रस्त्यावर आपोआप होतो.

रस्त्यावर

मूल पुढे, मोठा माणूस मागे आणि थोडा उजवीकडे, म्हणजे गाडीवाल्याला आधी आपण दिसतो. डांबराच्या अगदी काठावरून चालवू नका. दाबलं तर सरकायला जागा उरत नाही. काठापासून हातभर आत चालवा. पण मागून मोठी गाडी दाबते आहे असं वाटलं तर हट्ट नको. वेग कमी करा, "थांब" म्हणा, उतरा, सायकली साइडपट्टीवर घ्या. चालत्या सायकलने साइडपट्टीवर उतरू नका, तिथेच तोल जातो.

उसाच्या ट्रॅक्टरला बहुधा दोन ट्रॉल्या असतात. पहिली गेली की मूल निघतं आणि दुसरी अंगावर येते. दोन्ही गेल्याची खात्री करूनच निघा. थांबलेल्या टिप्परच्या डाव्या बाजूने कधी पुढे जाऊ नका. उंच बसलेल्या चालकाला जवळचं लेकरू दिसत नाही.

दाबलं, शिवी दिली, गाडी आडवी घातली तर

उत्तर देऊ नका. हात दाखवणं, दगड उचलणं अजिबात नको. गाडीत चिडलेला माणूस आहे आणि आपल्याजवळ लेकरं आहेत. जवळचं दुकान, घर, शाळा जिथे चार माणसं असतील तिकडे वळा. पाठलाग होतोय असं वाटलं तर सरळ घरी जाऊ नका, माणसांत थांबा आणि ११२ ला फोन करा.

मग नंबर, गाडीचा रंग, वेळ आणि जागा लिहा. नंबर पूर्ण आठवत नसेल तर शेवटचे चार आकडे पुरे. कोणी पाहिलं असेल तर त्यांचं नाव विचारून घ्या. हे सगळं त्याच दिवशी कागदावर उतरवा.

कायदा आपल्या बाजूने आहे. धोकादायक गाडी चालवणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली गुन्हा आहे. विनाकारण हॉर्न वाजवण्याला पहिल्या वेळी १,००० रुपये दंड आहे. जिवाची धमकी दिली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१ लागतं. आणि लोकांदेखत जातीवरून शिवी दिली असेल तर ते "रस्त्यावरचं भांडण" म्हणून सोडू नका. तो अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ चा विषय आहे. बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींना १९९० पासून अनुसूचित जातीचा दर्जा आहे, म्हणून जातीचं प्रमाणपत्र हाताशी ठेवा. या गुन्ह्याचा तपास पोलिस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागा. ठाण्यात नोंद घेतली नाही तर तक्रार लेखी स्वरूपात पोलिस अधीक्षकांना पोस्टाने पाठवता येते. एकट्या जाऊ नका, दोघी-तिघी मिळून जा.

लागलं तर

आधी लेकरू, मग गाडीवाला. १०८ ला फोन करा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्याने दाबून धरा. मान, पाठ दुखते म्हणाला तर हलवू नका. तोंडाने पाणी, चहा काही देऊ नका. डोक्याला मार लागून उलटी, गुंगी, झटका, बरळणं, कानानाकातून पाणी किंवा रक्त येणं, यातलं एक जरी दिसलं तरी ताबडतोब दवाखाना. सुरुवातीला खेळणारं मूलही काही तासांनी गुंगू शकतं, म्हणून रात्रभर लक्ष ठेवा.

पाय चाकात अडकला तर ओढू नका. चाक हळूच उलटं फिरवा, नाही निघाला तर तारा कापा. टाचेची जखम वरून किरकोळ दिसते, पण चिरडलेली कातडी दोन-चार दिवसांनी काळी पडते. हळद, चुना, ग्रीस लावू नका. वाहत्या पाण्याने धुवा, स्वच्छ कापड बांधा, डॉक्टरांना दाखवा, एक्स-रे आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.

अपघातातल्या माणसाला मदत करणाऱ्याला पोलिसांनी त्रास देऊ नये, नाव सांगण्याची सक्ती करू नये, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ मध्ये आहे. म्हणून दुसऱ्याचं लेकरू पडलेलं दिसलं तर थांबा.

घरी आल्यावर

मूल झोपेत दचकतं, अंथरूण ओलं करतं, सायकल नको म्हणतं. हा हट्ट नाही, भीती आहे. "तू घाबरलास, मीही घाबरले, पण आपण नीट थांबलो" असं सांगा. दोन दिवसांनी अंगणात थोडी सायकल चालवू द्या. महिनाभर भीती गेली नाही तर डॉक्टरांशी बोला. आमच्या धाकट्याने त्यानंतर बरेच दिवस सायकलला हात लावला नव्हता. पाय लवकर बरा झाला, भीतीला वेळ लागला.

शेवटी एक काम सगळ्यांनी मिळून करायचं आहे. शाळेपुढे गतिरोधक, वेगमर्यादेचा फलक आणि साइडपट्ट्यांवर मुरूम यासाठी ग्रामसभेत ठराव मांडा, त्याची प्रत सार्वजनिक बांधकाम विभागाला द्या, पोच घ्या. आपण घेतलेली काळजी आपल्या लेकराला वाचवते. गतिरोधक झाला तर उद्या शेजारचं लेकरूही वाचतं.