डॉ. उप्लावित्सी नावाचं कुणी नव्हतंच

वैद्यकाच्या ग्रंथांत डॉ. ओ. उप्लावित्सी नावाचे एक संशोधक पन्नास वर्षं वावरले. आमांशाच्या अमीबावर त्यांनी १८८७ मध्ये काम केलं, अशी नोंद एका ग्रंथातून दुसऱ्या ग्रंथात उतरत राहिली. १९३८ मध्ये क्लिफर्ड डोबेल या इंग्रज जीवशास्त्रज्ञाने छडा लावला तेव्हा कळलं, की हा माणूस जन्मालाच आलेला नाही. प्रागच्या यारोस्लाव ह्लावा यांनी चेक भाषेत एक लेख लिहिला होता. त्याचं शीर्षक ‘ओ उप्लावित्सी’, म्हणजे ‘आमांशाविषयी’. एका जर्मन नियतकालिकात त्याचा सारांश देताना शीर्षकच लेखकाच्या जागी जाऊन बसलं. ‘ओ’ झालं आद्याक्षर, आमांश झाला आडनाव, आणि ह्लावा गायब. आपल्याकडे ‘अथ अतिसार’ नावाच्या लेखाचे कर्ते म्हणून ‘अतिसार, अ.’ छापून यावेत, तसलाच हा प्रकार.

माणसं चुकतात, यंत्रं आली की हे थांबेल, असं वाटत होतं. पण २००९ मध्ये पेटर याचो या अभ्यासकांनी दाखवून दिलं, की गूगल स्कॉलरवर ‘पी. लॉगिन’ नावाचे लेखक आहेत आणि त्यांच्या नावावर ढीगभर लेख आहेत. संकेतस्थळावरची ‘प्लीज लॉगिन’ ही पाटी यंत्राने नाव म्हणून वाचली होती. झोटेरो किंवा मेंडेली ही संदर्भ जमवणारी साधनं वापरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. पानावर जे असेल ते ही साधनं उचलतात. मराठी नावांची तर वाटच लागते. आडनावाच्या जागी वडील येऊन बसतात.

मी प्रबंधांची मुद्रितं तपासतो. जमा करायची तारीख जवळ आली की विद्यार्थी येतात आणि म्हणतात, ‘‘सर, फक्त भाषा बघा, संदर्भ झालेत.’’ हे ऐकलं की मी आधी संदर्भसूचीच उघडतो. ती कागदावर छापून घेतो, आणि प्रकरणात एखादं नाव आलं की सूचीतल्या नावापुढे पेन्सिलीने टिक करतो. शेवटी काही नावं टिकेविना उरतात. ती बहुधा सूची जाड दिसावी म्हणून घातलेली असतात. काही नावं प्रकरणात असतात, सूचीत नसतात. काही ठिकाणी वर २००३ आणि खाली २००८. हे सगळं एका दुपारचं काम आहे, त्यात फारसं डोकं लागत नाही.

डोकं लागतं ते ‘तत्रैव’ला. तळटीप १७ मध्ये एका ग्रंथाचं पूर्ण नाव असतं, १८ मध्ये ‘तत्रैव, पृ. ६२’, म्हणजे त्याच ग्रंथात. इथवर ठीक. मग मार्गदर्शक म्हणतात, मधे एक परिच्छेद घाला. तो येतो, त्याच्याबरोबर नवी तळटीप येते, आकडे आपोआप सरकतात, आणि ‘तत्रैव’ नव्याच ग्रंथाला जाऊन चिकटतं. टाइपाची चूक नाही, व्याकरणाची नाही, पानाचा आकडाही बरोबर. फक्त घर दुसऱ्याचं. ‘उनि’ म्हणजे ‘उपरिनिर्दिष्ट’, त्याचंही तेच; एकाच लेखकाची तीन पुस्तकं सूचीत असली, तर वर निर्दिष्ट केलेलं नेमकं कोणतं? माझं म्हणणं असं, की शेवटची प्रत निघेपर्यंत दर वेळी आडनाव आणि ग्रंथाचं छोटं नाव लिहावं. ‘तत्रैव’ घालायचंच असेल तर सगळ्यात शेवटी. न घातलं तरी कुणाचं काही अडत नाही.

दुसरा घोळ सालाचा. परदेशी शैलीत लेखकापुढे कंसात साल लिहायचं असतं, म्हणून ‘फुले (१९९१) म्हणतात’ अशी वाक्यं येतात. जोतीराव १८९० मध्ये गेले. १९९१ हे समग्र वाङ्मयाच्या आवृत्तीचं साल. ‘गुलामगिरी’ १८७३ ची. दोन्ही सालं मधे तिरकी रेघ मारून दिली की प्रश्न मिटतो, आणि त्या शैलींना ते चालतंही. जुन्या पुस्तकांवर शक असतो. त्यात ७८ मिळवायचे, जानेवारी ते मार्चमधली तिथी असेल तर ७९. शके १२१२ ची ज्ञानेश्वरी म्हणजे इसवी सन १२९०. ‘शके’ गाळून नुसतं १२१२ लिहिलं, की ज्ञानदेवांच्या जन्माआधीच ग्रंथ तयार!

नुसतं ‘तुकाराम गाथा, अभंग क्र.’ एवढ्यावरही भागत नाही. शंकर पांडुरंग पंडितांच्या देखरेखीखाली संपादित झालेली इंदुप्रकाशची गाथा आणि देहूची गाथा यांचे क्रमांक जुळत नाहीत. ज्ञानेश्वरीच्या ओव्यांचंही तसंच. राजवाडे प्रत घेतली की साखरे प्रत, यावर आकडा हलतो. आवृत्ती न सांगता दिलेला क्रमांक म्हणजे गल्लीचं नाव न सांगता दिलेला घरक्रमांक.

अशा चुका पकडायच्या कशा? एक खूण हमखास असते. दोन प्रबंधांत एकच चूक सापडली, तर दुसऱ्याने पुस्तक उघडलेलं नाही. सिमकिन आणि रॉयचौधरी या दोघांनी २००३ च्या सुमारास याच खुणेवरून हिशेब मांडला. एका गाजलेल्या लेखाच्या सुमारे ४,३०० उल्लेखांत १९६ ठिकाणी छपाईच्या चुका होत्या, पण वेगवेगळ्या चुका मोजल्या तर ४५. पानाची एकच चूक ७८ जणांनी केली होती. मूळ लेख वाचून उल्लेख करणारे जेमतेम पाचातला एक असावेत, असा त्यांचा अंदाज होता.

यापेक्षा गंभीर चूक अशी, की पत्ता बिनचूक असतो पण तिथे लिहिलेलं वेगळंच असतं. १९८० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. रुग्णालयात दाखल असलेल्यांना अफूवर्गीय वेदनाशामकं दिली, तेव्हा व्यसन क्वचितच लागलं, असं त्यात होतं. २०१७ मध्ये त्या पत्राचे ६०८ उल्लेख तपासले गेले. व्यसन क्वचितच लागतं याचा पुरावा म्हणून सत्तर टक्क्यांहून अधिकांनी ते पत्र दिलं होतं, आणि हे रुग्ण रुग्णालयातले होते एवढी साधी गोष्ट ऐंशी टक्क्यांहून अधिकांनी गाळली होती. घरी गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्या पत्रात काहीच नव्हतं.

विद्यापीठातलं वाङ्मयचौर्य तपासणारं सॉफ्टवेअर यातलं काही पकडत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ आहे, आणि संदर्भसूची तर मोजणीतून वगळलेलीच. चॅटजीपीटीकडून मागवलेली सूचीही या चाळणीतून खुशाल निसटते. अशा सूचीतल्या लेखाचा डीओआय क्रमांक इंटरनेटवर टाकून पाहावा. तो उघडलाच नाही किंवा भलत्याच लेखावर घेऊन गेला, तर समजावं, की संदर्भ बनावट असणार.

मध्यंतरी एक मुलगी प्रबंध घेऊन आली होती. तिच्या एका अवतरणाला ‘पृ. २१४’ होतं. तेच अवतरण, तोच आकडा मी आधीच्या एका प्रबंधात पाहिला होता. म्हटलं, ‘‘पुस्तक पाहिलंस का?’’ ती गप्प. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयातून तिचा फोन आला.

‘‘सर, पुस्तक १९६ पानांतच संपतं.’’

‘‘१२४ बघ. कदाचित आकडे उलटे पडले असतील.’’

पानं उलटल्याचा आवाज आला.

‘‘आहे सर! अगदी हेच वाक्य. पण...’’ ती थोडा वेळ वाचत राहिली. ‘‘हे त्यांचं मत नाहीये. हा पूर्वपक्ष आहे. पुढची तीन पानं ते हेच खोडून काढतायत.’’

‘‘मग?’’

‘‘माझं तिसरं प्रकरण यावरच उभंय.’’

‘‘जमा कधी करायचंय?’’

‘‘शुक्रवारी.’’