घरच्या पाकिटापासून सुरुवात

पैनगंगेच्या अलीकडे माहूर आणि पलीकडे यवतमाळ जिल्हा. आज या दोन काठांना पुलाने जोडले आहे, पण शंभर वर्षांपूर्वी ही नदी टपालाचीही सरहद्द होती. अलीकडचा काठ निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तर पलीकडे ब्रिटिशांच्या कारभाराखालचे वऱ्हाड. निजामाचे तिकीट निजामाच्या हद्दीतच चाले. नदीपल्याड पुसदला लेकीची खुशाली विचारायची तरी पत्राला ब्रिटिश हिंदुस्थानचे तिकीट लागे. सरहद्द म्हणजे काय, हे शाळेच्या नकाशावरून मुलांना जेवढे कळते त्याहून जास्त अशा एका पाकिटावरून कळेल. म्हणूनच माहूरसारख्या गावात तिकीटसंग्राहकांचे मंडळ निघावे, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. त्याची सुरुवात बाजारातून तिकिटे विकत आणून होऊ नये. ती घरोघरच्या पेट्यांमध्ये, फडताळांत आणि जुन्या दस्तऐवजांच्या गाठोड्यांत पडलेल्या पाकिटांपासून व्हावी. वस्तू हातात घ्यायची, नीट पाहायची, तिच्यावरून काय सिद्ध होते आणि काय होत नाही हे ठरवायचे, ही सवय मुलांना लावणारे इतके स्वस्त साधन दुसरे नाही.

माहूरच्या बाबतीत हा पुरावा किती बोलका आहे, ते पाहू. हैदराबाद संस्थानाने १८६९ साली स्वतःची टपाल तिकिटे काढली. पुढच्या काळातल्या निजामी तिकिटांवर उर्दू आणि इंग्रजीच्या जोडीला मराठी आणि तेलुगू अक्षरेही दिसतात. राज्यकर्त्याची भाषा एक आणि रयतेच्या भाषा अनेक, हे इंचभर कागदावर उमटलेले असे. १९३१ च्या चित्रमालिकेत एक आण्याला चारमिनार होता, आठ आण्यांना अजिंठ्याच्या लेण्यांचे प्रवेशद्वार आणि रुपयाला दौलताबादचा मनोरा. म्हणजे संस्थानाने स्वतःची ओळख म्हणून मिरवलेल्या स्थळांत मराठवाड्यातली दोन होती. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची सत्ता संपली, पण त्याची तिकिटे त्या दिवशी संपली नाहीत. ती १९५० मध्ये व्यवहारातून गेली. मुक्तिदिनाच्या तारखेनंतरच्या पाकिटावर निजामी तिकीट पाहून एखादा विद्यार्थी गोंधळला, तर तो गोंधळ मोलाचा आहे. सत्ता एका दिवसात बदलते, रोजचा व्यवहार मागाहून सावकाश बदलतो, हे त्याला कोणी न सांगता उमगेल.

पत्त्यांचेही तसेच आहे. त्या काळी माहूर किनवट तालुक्यात होते आणि किनवट आदिलाबाद जिल्ह्यात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा भाग नांदेड जिल्ह्याला जोडला गेला आणि द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. पुढे माहूर स्वतंत्र तालुका बनले. एकाच घराचा उंबरठा जागचा हलला नाही, पण त्याच्या पत्त्यातले जिल्हा आणि राज्य बदलत गेले. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. ही पद्धत आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी गृहस्थ आणि संस्कृतचे लेखक. पाकिटावर तारखेचा शिक्का पुसट झाला असेल, तरी पत्त्यात जिल्हा कोणता लिहिला आहे आणि पिनकोड आहे की नाही, एवढ्यावरून काळाचा अंदाज बांधता येतो. अंदाज आणि खात्री यांत फरक असतो, हेही इथेच शिकायला मिळते. १९७२ नंतरही अनेक जण पिनकोड लिहीत नसत, तेव्हा पिनकोड नाही म्हणून पत्र जुनेच, असे म्हणता येणार नाही.

मंडळाचे काम प्रत्यक्षात कसे चालेल? परातीत साधे पाणी घ्यायचे. पाकिटाचा तिकीट लावलेला तुकडा चारी बाजूंनी बोटभर कागद ठेवून कापायचा आणि पाण्यात सोडायचा. पंधरा-वीस मिनिटांत डिंक सुटतो आणि तिकीट आपोआप सरकते. ते ओढायचे नाही. चिमट्याने उचलायचे, चित्र खाली ठेवून टिपकागदावर वाळवायचे आणि जड पुस्तकाखाली दाबायचे. मग भिंगातून पाहायचे. कडेचे दाते पूर्ण आहेत का, कागद प्रकाशासमोर धरला तर जलचिन्ह दिसते का, शिक्क्यावर कोणते गाव आहे? वहीत चिकटवताना फेव्हिकोल किंवा खळ कधीही वापरायची नाही. कागदाची पट्टी दुमडून केलेल्या खिशात तिकीट सरकवले, तरी काम भागते. त्याहून महत्त्वाचा नियम असा की प्रत्येक तिकीट पाण्यात घालायचे नाही. शिक्का स्वच्छ असेल, पत्ता वाचता येत असेल, तर पाकीट अखंड ठेवायचे. तिकीट सोडवले की ते हजारांतले एक होते. पाकिटावर राहिले तर कोणाला, कुठून, कधी, हे सगळे त्याच्याबरोबर राहते.

इथून पुढे संग्रह गावाबाहेर जाऊ लागतो. आशियातले पहिले टपाल तिकीट १ जुलै १८५२ ला सिंधमध्ये निघाले, आणि सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. १ ऑक्टोबर १८५४ पासून साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानसाठी तिकिटे सुरू झाली. १९२६ पासून भारताची तिकिटे नाशिकच्या मुद्रणालयात छापली जाऊ लागली. स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ चे, तिरंग्याचे, साडेतीन आण्यांचे. १५ ऑगस्ट १९४९ च्या पुरातत्त्व मालिकेत सर्वांत स्वस्त, तीन पैच्या तिकिटावर अजिंठ्याचा हत्ती आला. एकाच अजिंठ्याला अठरा वर्षांत निजामानेही तिकिटावर घेतले आणि प्रजासत्ताकाच्या उंबरठ्यावरच्या भारतानेही. दोघांनी ते का घेतले असेल, यावर आठवीतली मुलगी पानभर लिहू शकते, आणि ते पान कुठल्याही गाइडात सापडणार नाही. १९७० चे संत नामदेवांचे तिकीट, २००३ चे पैठणच्या एकनाथांचे, नांदेडच्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दीचे २००८ चे तिकीट, अशी मराठवाड्याची एक वहीच तयार होते. विषय निवडणे, क्रम लावणे आणि प्रत्येक तिकिटाखाली दोन नेमक्या ओळी लिहिणे ही निबंधलेखनाचीच तालीम आहे.

यावर पहिला आक्षेप असा की पत्रेच उरली नाहीत, मग तिकिटे कुठली? आक्षेप खरा आहे. तार २०१३ मध्ये बंद झाली. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. आज पोस्टमन जे टपाल आणतो त्यातल्या बहुतेकांवर तिकिटाऐवजी छापील पट्टी असते. पण यावरून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. जी वस्तू रोज येते ती आज ना उद्या जपता येईल. जी यायची थांबली, तिचा साठा दर घरसफाईला कमीच होणार. दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीवाल्याकडे गेलेले पाकीट परत येत नाही. माहूर तर रेणुकेचे आणि दत्तात्रेयांचे स्थान. ज्या गावाशी दूरदूरच्या कुळांचे नाते कुलदेवतेमुळे जडलेले आहे, त्या गावात पिढ्यान्‌पिढ्या पत्रे आली असणार. ती शोधायची वेळ हीच आहे. शिवाय नवी पत्रे मंडळ स्वतः लिहू शकते. दुसऱ्या शाळेतल्या मुलांना महिन्याला एक पत्र लिहायचे, वर स्मारक तिकीट लावायचे आणि पोस्टमास्तरांना विनंती करून शिक्का ठसठशीत मारून घ्यायचा. टपाल खात्याची ‘ढाई आखर’ ही पत्रलेखन स्पर्धाही यासाठी उपयोगी आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. हा शहरातल्या सुखवस्तू लोकांचा छंद, असे म्हटले जाते. ब्रिटिश गयानाचे एक सेंटचे तिकीट २०१४ मध्ये ९० लाख डॉलरहून अधिक किमतीला गेले, अशा बातम्यांनी हा समज पक्का केला. मंडळाने पहिल्याच दिवशी मुलांना खरे सांगावे की लाखोंनी छापल्या गेलेल्या तिकिटांतून श्रीमंती येत नाही. नशीब उघडेल या आशेने आलेला मुलगा सहा महिन्यांत निघून जातो. पाहण्याची गोडी लागलेला टिकतो. खर्च म्हणाल तर एक जाड वही, चिमटा, भिंग आणि रद्दीचे कागद एवढाच. ज्यांना नवी तिकिटे हवी असतील त्यांच्यासाठी टपाल खात्याचे फिलाटेली (तिकीटसंग्रह) ठेव खाते दोनशे रुपयांपासून उघडता येते, आणि नवी तिकिटे छापील किमतीलाच घरी येतात.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. ज्या घरांत लिहिण्यावाचण्याची परंपराच नव्हती, त्या घरातल्या मुलांनी काय आणायचे? किनवट-माहूरच्या डोंगराळ भागात गोंड, कोलाम, आंध आणि बंजारा वस्त्या आहेत. ज्याच्या घरी जुनी पत्रे त्याचाच मंडळात मान, असे झाले तर जुनीच उतरंड नव्या वहीत चिकटवल्यासारखे होईल. म्हणून जमलेली सुटी तिकिटे आधी मंडळाच्या सामाईक पेटीत जावीत आणि तिथून सर्वांनी निवड करावी. कोणाकडे किती तिकिटे, याची मोजदाद नको. कोणी काय ओळखले, याची नोंद हवी. १९८८ मध्ये बिरसा मुंडांचे तिकीट निघाले. १९६३ च्या वन्यप्राणी मालिकेत वाघ आहे. ज्या मुलाला जंगलाची वाट ठाऊक आहे, तो प्राण्यांच्या तिकिटांवर इतरांपेक्षा अधिक आणि अधिक खरे लिहील. आजोबांकडे पत्र नसेल, पण पत्र कोणाकडून वाचून घ्यायचे याची आठवण असेल. ती तारखेसह लिहून घेतली तर तोही पुरावाच.

अभ्यासाचा वेळ जातो, असे पालक म्हणतील. त्यांच्यासाठी एक ठोस माहिती. टपाल खात्याने नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘दीनदयाल स्पर्श’ योजना सुरू केली. सहावी ते नववीच्या विद्यार्थ्यांना वर्षाला ६,००० रुपये शिष्यवृत्ती, देशभरात ९२० जणांना. त्यासाठी शाळेत फिलाटेली क्लब असावा आणि विद्यार्थी त्याचा सदस्य असावा, किंवा निदान त्याचे स्वतःचे फिलाटेली खाते असावे, अशी अट होती. त्याशिवाय अभ्यासात चांगले गुण, आधी प्रश्नमंजूषा आणि मग प्रकल्प. म्हणजे ज्या शाळेत क्लब नाही, तिथल्या हुशार मुलाची वाट सुरुवातीलाच अरुंद होते. शिष्यवृत्तीसाठी मंडळ काढावे असे माझे म्हणणे नाही, पण मंडळ नसल्यामुळे आपली मुले मागे राहू नयेत.

शेवटचा प्रश्न टिकण्याचा. उत्साही गुरुजींची बदली झाली की त्यांनी सुरू केलेला उपक्रम बहुधा थांबतो. म्हणून मंडळ एका माणसावर उभे राहू नये. शाळा, वाचनालय आणि पोस्ट ऑफिस या तिघांनी मिळून ते चालवावे. महिन्यातला एक ठरलेला शनिवार, एक नोंदवही आणि दोन विद्यार्थी चिटणीस पुरेत. नोंदवहीत प्रत्येक पाकिटाचा क्रमांक, ते कोणी आणले, त्यावरचा शिक्का आणि तारीख लिहावी. घरची पाकिटे घराचीच राहावीत. फोटो काढून, नोंद करून ती परत द्यावीत, आणि आतला मजकूर घरच्यांच्या परवानगीशिवाय वाचू नये. हा विश्वास एकदा मोडला तर दुसऱ्यांदा कोणी पेटी उघडणार नाही. माहूरच्या पावसाळी हवेत कागदाला बुरशी धरते, म्हणून वह्या उभ्या, कोरड्या कपाटात ठेवाव्यात. वर्षभराने, नवरात्रात गावात यात्रेकरू येतात तेव्हा, पाच फलकांचे छोटे प्रदर्शन मांडावे. पुढे राज्य पातळीवरच्या ‘महापेक्स’ प्रदर्शनापर्यंत जाण्याची उमेद धरायला हरकत नाही.

हे वाचणाऱ्यांत माहूरचे कोणी असतील, किंवा माहूरसारख्याच एखाद्या गावाचे, तर त्यांना एवढीच विनंती. या दिवाळीत माळा आवरताना जुन्या पत्रांचे गाठोडे हाती लागले, तर ते रद्दीत देऊ नका आणि त्यावरची तिकिटे कापूही नका. ते जसेच्या तसे बाजूला ठेवा, आणि सुट्टी संपली की त्यातले एक पाकीट घेऊन जवळच्या शाळेत जा. मंडळाच्या पहिल्या बैठकीला तेवढे पुरेल.